पासपोर्ट नसलेल्या विद्यार्थ्याला जग कसं शिकवायचं?

अमेरिकेतल्या मराठी घरांत कम्युनिटी कॉलेजची ओळख बहुधा दोन वाटांनी होते. एच-४ व्हिसावर (नवरा नोकरीच्या व्हिसावर असला की जोडीदाराला मिळतो तो) आलेल्या बाईला नोकरी करता येत नाही, शिकता मात्र येतं; मग घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात अकाउंटिंगचा नाहीतर डेटाबेसचा एखादा कोर्स. (काही एच-४ धारकांना २०१५ पासून कामाचा परवाना मिळू लागला, पण त्याआधी कितीतरी जणींनी वर्षं अशी काढली.) दुसरी वाट मुलांची. हायस्कुलात असतानाच उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथे एखादा गणिताचा विषय उरकून टाकायचा. एरवी मात्र 'तिथे काय, कुणालाही ॲडमिशन मिळते' असा हलका सूर आपल्या गप्पांत असतो.

कुणालाही ॲडमिशन मिळते हे खरंच आहे, आणि कॉलेज त्यासाठीच काढलेलं असतं. या कॉलेजांना सध्या पडलेला एक प्रश्नही त्यातूनच येतो: दिवसा नोकरी, संध्याकाळी वर्ग आणि रात्री मुलांचा अभ्यास अशा चक्रात असलेल्या, गावाबाहेर फारसं न गेलेल्या विद्यार्थ्याला जगाची आणि दुसऱ्यांच्या जगण्याच्या रीतींची जाण कशी द्यायची? तिथल्या शिक्षणाच्या भाषेत याला 'ग्लोबल लर्निंग' म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण प्रकार नीट उलगडला तर समजायला सोपा आहे.

आधी कॉलेजाबद्दल थोडं. इलिनॉय राज्यातलं जोलिएट ज्युनिअर कॉलेज १९०१ साली सुरू झालं. आज चालू असलेल्या सरकारी कम्युनिटी कॉलेजांतलं ते सर्वांत जुनं. आता देशभर अशी हजारेक कॉलेजं आहेत. दोन वर्षांची, साधारण ६० क्रेडिटची 'असोसिएट' पदवी इथे मिळते. कुणी ती घेऊन थेट नर्स, मेकॅनिक किंवा लॅब टेक्निशियन होतो, कुणी ती क्रेडिट्स घेऊन चार वर्षांच्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जातो. या बदलीला 'ट्रान्सफर' म्हणतात, आणि पुढे आपल्याला या शब्दाशी काम आहे. बहुतेक विद्यार्थी अर्धवेळ शिकतात, हॉस्टेलवर राहत नाहीत, तास संपला की पार्किंगकडे किंवा बसस्टॉपकडे निघतात.

जगाची जाण वगैरे ही अलीकडची फॅशन आहे असं वाटेल, पण तसं नाही. 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव रूढ झालं ते १९४७ साली राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाच्या अहवालामुळे. उच्च शिक्षणाची जी तीन उद्दिष्टं त्या अहवालाने मांडली, त्यांतलं एक होतं आंतरराष्ट्रीय सामंजस्य आणि सहकार्य. दुसरं महायुद्ध संपून दोन वर्षं झाली होती, तेव्हा हे सुचणं साहजिकच. पुढे १९५७ मध्ये रशियाने स्पुटनिक सोडला, अमेरिका हादरली आणि १९५८ च्या संरक्षण शिक्षण कायद्यातून परकीय भाषा आणि प्रदेशांच्या अभ्यासाला केंद्राचा पैसा मिळू लागला. त्यातला मोठा वाटा बड्या विद्यापीठांकडे गेला. कम्युनिटी कॉलेजांना आपलं आपण काहीतरी जमवावं लागलं. १९७६ मध्ये त्यांतल्या काहींनी या कामासाठी स्वतःची एक संघटनाही काढली.

परदेश दौऱ्याचं गणित

'ग्लोबल' म्हटलं की पहिल्यांदा डोळ्यांसमोर येतं ते स्टडी अब्रॉड: एक सेमिस्टर फ्लॉरेन्सला, एक बार्सिलोनाला. कोविडच्या आधीच्या २०१८-१९ या वर्षात सुमारे ३ लाख ४७ हजार अमेरिकन विद्यार्थी शिकायला परदेशी गेले होते. कम्युनिटी कॉलेजांचे विद्यार्थी त्यांत अगदी थोडे. कारण उघड आहे. दुकानातली शिफ्ट चार महिने सोडली तर नोकरी जाते, घरभाडं थांबत नाही, लहान मुलाला कुणाकडे ठेवायचं हा प्रश्न वेगळाच. गरजू विद्यार्थ्यांसाठी 'गिलमन' शिष्यवृत्ती आहे. केंद्राचं पेल अनुदान घेणाऱ्यांनाच ती मिळते आणि कम्युनिटी कॉलेजवाल्यांनाही तिचा लाभ होतो. पण शिष्यवृत्ती तिकिटाचे पैसे देईल, घरच्या म्हाताऱ्या आईला डायलिसिसला कोण नेणार?

उलट दिशेनेही लोक येत होते. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने २००७ मध्ये सुरू केलेल्या एका योजनेतून भारतासह निरनिराळ्या देशांतले तरुण वर्षभर कम्युनिटी कॉलेजांत शिकून गेले. फी भरून येणारे परदेशी विद्यार्थी तर आहेतच. ह्यूस्टन कम्युनिटी कॉलेज, कॅलिफोर्नियातली सँटा मोनिका आणि डी अँझा ही त्यासाठी नावाजलेली कॉलेजं. कुपर्टिनो-सनीवेलच्या मराठी मंडळींना डी अँझा माहीत नाही असं सहसा होत नाही.

पण दहा परदेशी विद्यार्थी वर्गात आहेत म्हणून उरलेले आपोआप काही शिकतात, हा समज साफ चुकीचा आहे. न्यूयॉर्कमधल्या क्वीन्सचं लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेज बघा. १९७१ मध्ये सुरू झालेलं हे कॉलेज जुन्या कारखान्यांच्या इमारतींत थाटलंय. त्यांतल्या एकीत पूर्वी बिस्किटं बनत. सात नंबरच्या मेट्रोने काही स्टेशनं पुढे गेलं की जॅक्सन हाइट्स, जिथे आपली माणसं दिवाळीची खरेदी करायला जातात. कॉलेजात शंभराहून अधिक देशांतून आलेली मुलं शिकतात. तरी कॅन्टीनमध्ये जी ती आपापल्या भाषेच्या टेबलावर. शेजारी बसणं आणि शेजाऱ्याला समजून घेणं यांत अंतर असतं, ते आपल्याला चाळीत आणि सोसायटीत राहून पुरतं ठाऊक आहे.

म्हणून लाग्वार्डियाने ठरवलं की ग्लोबल लर्निंग हे पदवीच्या तीन मुख्य क्षमतांपैकी एक धरायचं. प्रत्येक अभ्यासक्रमाने आपल्या कोणत्या विषयात, कोणत्या असाइनमेंटमधून ते शिकवलं जाईल ते ठरवायचं. विद्यार्थ्यांनी ते काम डिजिटल संग्रहात जमा करायचं आणि शिक्षकांनी ते वाचून पातळी ठरवायची. म्हणजे जबाबदारी एका 'जागतिक दिना'वर किंवा एका उत्साही प्राध्यापकावर राहत नाही.

वेगळा विषय का नाही?

सरळ 'जगातील संस्कृती' असा एक सक्तीचा पेपर ठेवला तर? इथे ट्रान्सफरचा मुद्दा आडवा येतो. ६० क्रेडिटचं वेळापत्रक आधीच गच्च भरलेलं असतं. नवा विषय आणला तर तो पुढचं विद्यापीठ मान्य करेल याची हमी नाही. न केल्यास विद्यार्थ्याचे पैसे आणि एक सेमिस्टर पाण्यात. नर्सिंगसारख्या अभ्यासक्रमात परवाना परीक्षेचा बडगा असतो, तिथे एक तासही मोकळा नाही. कॅलिफोर्नियाने २०२० मध्ये कायदा करून आपल्या राज्य विद्यापीठांत वांशिक अभ्यासाचा तीन युनिटचा विषय सक्तीचा केला आणि मग तिथे ट्रान्सफर होणाऱ्यांसाठी कम्युनिटी कॉलेजांनाही तो आणावा लागला. पण असं राज्यच मागे उभं राहिलं तरच जमतं.

त्यामुळे बहुतेक कॉलेजं दुसरा रस्ता धरतात: जो विषय आहे, त्याच्याच आत जग आणायचं. वरून कोथिंबीर पेरल्यासारखं मात्र नाही. अर्थशास्त्राच्या पुस्तकात शेवटच्या धड्याला जपानबद्दल एक चौकट टाकली, की परीक्षेला येत नाही म्हणून सगळे ती चौकट सोडून देतात. असाइनमेंटच अशी बांधायची की दुसरीकडचं जगणं समजल्याशिवाय तिचं उत्तरच येऊ नये.

नर्सिंगचं उदाहरण घेऊ, कारण कम्युनिटी कॉलेजातून हजारो नर्सेस बाहेर पडतात आणि इथे चूक झाली तर ती थेट रुग्णाला भोवते. समजा, मुलाकडे न्यू जर्सीला आलेल्या एक मराठी आजी, वय ७२, मधुमेह. त्या नर्सला सांगतात की उद्या एकादशी आहे, माझा उपास. उपास म्हणजे पोटात काही नाही, असं धरून नर्स साखर खाली जाण्याची धास्ती घेते आणि त्या बेताने सूचना देते. प्रत्यक्षात आजी सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, संध्याकाळी बटाट्याचा कीस, मधून दोनदा गोड चहा घेणार आहेत. साखर खाली कसली, वर उडी मारणार. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण त्या नर्सला कशी ठाऊक असणार! शेजारच्या खाटेवरच्या मुस्लिम आजोबांचा रोजा मात्र खरोखर पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत पाण्याविना, तिथे धोका अगदी उलटा.

आता यावर शिकवणीचा सोपा उपाय म्हणजे यादी पाठ करून घेणं: हिंदू रुग्ण असे, लॅटिनो रुग्ण तसे, चिनी रुग्ण अमुक. पूर्वी 'सांस्कृतिक सक्षमता' या नावाखाली पुष्कळ ठिकाणी हेच चालायचं. पण यादीत लिहिलेलं असतं की हिंदू शाकाहारी असतात. मालवणच्या घरात बुधवारी माशांशिवाय पान हलत नाही आणि सोमवारी त्याच घरात अंडंही चालत नाही, हे कोणत्या रकान्यात बसवणार? टेर्व्हालॉन आणि मरे-गार्सिया या दोन डॉक्टर बायकांनी १९९८ मध्ये या यादीबाज पद्धतीला पर्याय मांडला. त्याचं सार असं: समोरच्याची संस्कृती आपल्याला 'येते' असं कधीच समजू नये; आपलं अज्ञान आणि आपल्या हातातली सत्ता या दोन्हींची जाणीव ठेवून विचारत राहावं.

काय विचारावं, त्याचीही तयारी आहे. हार्वर्डचे मनोविकारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी सहकाऱ्यांबरोबर १९७८ मध्ये काही प्रश्न सुचवले, ते आजही वापरात आहेत. हे दुखणं कशामुळे आलं असं तुम्हाला वाटतं? तेव्हाच का सुरू झालं असेल? ते शरीरात काय करतं? किती दिवस चालेल? कोणता उपचार व्हावा असं वाटतं? आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा: या आजारात तुम्हाला सर्वांत भीती कशाची वाटते? आजींना साखरेची भीती नसतेच मुळी. त्यांना भीती असते ती सुनेला रजा काढावी लागेल याची. हे कळलं की पुढची सगळी बोलणी बदलतात. विद्यार्थ्याने हे प्रश्न ओळखीतल्या एका माणसाला विचारायचे, उत्तरं लिहायची आणि त्यानुसार आहाराचा कागद नव्याने तयार करायचा. एवढी साधी असाइनमेंट, पण विषय नर्सिंगचाच राहतो, क्रेडिट तेच राहतं आणि ट्रान्सफरला धक्का लागत नाही.

मोजायचं कसं?

शिक्षक लगेच विचारतात, आणि रास्त विचारतात: याला गुण कसे द्यायचे? अमेरिकेतल्या महाविद्यालयांच्या एका राष्ट्रीय संघटनेने त्यासाठी मोजपट्ट्या तयार केल्या आहेत. त्यांना 'व्हॅल्यू रुब्रिक' म्हणतात. ग्लोबल लर्निंगच्या पट्टीत सहा बाजू आहेत: जगाच्या संदर्भात स्वतःची ओळख, दुसऱ्याच्या जागेवरून पाहणं, सांस्कृतिक विविधता, वैयक्तिक व सामाजिक जबाबदारी, जागतिक व्यवस्था समजणं आणि हे ज्ञान आजच्या प्रश्नांना लावणं. प्रत्येकीत एक ते चार अशा पायऱ्या.

कागदावर हे रुक्ष वाटतं. एका असाइनमेंटला लावून बघू. बिझनेसच्या वर्गाला प्रश्न: १५ डॉलरच्या टी-शर्टची किंमत कोण चुकवतं? अभ्यासासाठी राणा प्लाझा. ढाक्याजवळच्या सावर इथली ही आठ मजली इमारत २४ एप्रिल २०१३ ला कोसळली आणि ११०० हून अधिक माणसं मेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेले होते. खालच्या मजल्यांवरची बँक आणि दुकानं त्या दिवशी बंद राहिली. वरच्या कपड्यांच्या कारखान्यांतल्या कामगारांना मात्र कामावर बोलावून घेतलं गेलं.

एक विद्यार्थी लिहितो: बांगलादेशातले लोक फार गरीब आहेत, आपण नशीबवान, आपण त्यांना मदत केली पाहिजे. हृदय चांगलं आहे, पण पायरी पहिली. यात तिथल्या माणसाला काही म्हणणं आहे असं दिसत नाही, तो नुसता दयेचा विषय. दुसरी विद्यार्थिनी लिहिते: बँक बंद ठेवता आली आणि कारखाना नाही, याचं कारण ऑर्डर वेळेवर न गेल्यास कारखानदाराला बसणारा फटका. तो वेळ ठरवणारी कंपनी माझ्या शहरात आहे, आणि मी जिथे शनिवार-रविवार काउंटरला उभी राहते त्या दुकानात तिचाच माल येतो. मजुरी वाढली तर किंमत किती वाढेल, याचा ती अंदाज मांडते. दुर्घटनेनंतर झालेल्या सुरक्षा कराराने काय बदललं ते शोधते. कामगार संघटनांचं स्वतःचं म्हणणं काय होतं तेही देते. ही तिसऱ्या-चौथ्या पायरीवर. दोघांनाही बांगलादेशची राजधानी माहीत आहे; पट्टी मोजते ती त्यापुढची समज.

इथे एक खड्डा आहे, आणि आपली मुलं त्यात पुष्कळदा धडपडली आहेत. वर्गात बांगलादेशी मुलगी असेल तर शिक्षक हौसेने तिच्याकडे वळतात: 'तू सांग ना, तुमच्याकडे कसं असतं?' ती कदाचित क्वीन्समध्येच जन्मलेली. अमेरिकेत वाढलेल्या किती मराठी मुलांना जातीव्यवस्था, ठरवून केलेली लग्नं आणि गायी यांच्यावर भर वर्गात जबाब द्यावा लागलेला असतो, ते त्यांनाच विचारा. चांगला शिक्षक हा बोजा एका मुलीवर टाकत नाही. तो वाचायला मजकूर देतो, आणि बोलायचं की नाही हे तिच्यावर सोडतो.

पुण्याशी जोडलेला वर्ग

प्रवास परवडत नसेल तर दोन वर्गच इंटरनेटने जोडायचे, ही कल्पना न्यूयॉर्क राज्याच्या विद्यापीठ व्यवस्थेत वाढली. पर्चेस कॉलेजातले जॉन रुबिन यांनी त्यावर काम केलं आणि २००६ मध्ये त्यासाठी केंद्र उभं राहिलं. या पद्धतीला 'कॉइल' म्हणतात. दोन देशांतले दोन शिक्षक मिळून काही आठवड्यांचं एक सामाईक काम आखतात. आधी ओळख, मग मिश्र गटांत प्रकल्प, शेवटी आपण काय शिकलो त्यावर लेखन.

ऐकायला छान, चालवायला घाम काढणारं. न्यूयॉर्कमध्ये सकाळी नऊचा तास म्हणजे पुण्यात संध्याकाळी साडेसहा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं मागे जातात आणि पुण्याच्या मुलांचा तोच तास साडेसातवर सरकतो, नेमका मेसच्या वेळेला. त्याच सुमारास आपल्याकडे दिवाळीची सुट्टी आणि पाठोपाठ सेमिस्टरची परीक्षा. तिकडे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग. म्हणजे सामाईक दिवस शोधायचे तर सप्टेंबरमध्येच. न्यूयॉर्कचा विद्यार्थी बसमधून फोनवर जोडला जातो. पुण्याची मुलं शिक्षकाच्या समोर गप्प बसतात, आणि तिकडच्यांना वाटतं यांना रस नाही. मग रात्री व्हॉट्सॲपवर तीच मुलं भराभर बोलू लागतात. माझ्या मते खरं शिक्षण या घोळातच दडलेलं असतं: कुणी गप्प का राहिलं, 'हो' म्हणून काम का केलं नाही, 'उद्या देतो' याचा अर्थ कुठे काय. चांगला शिक्षक या अडचणी लपवत नाही, त्यांच्यावरच लिहायला सांगतो.

आणि हे सगळं करणार कोण? कम्युनिटी कॉलेजातले बहुसंख्य शिक्षक 'ॲडजंक्ट', म्हणजे तुकड्यावर काम करणारे: दर कोर्समागे ठरलेले पैसे, पुढच्या सेमिस्टरची खात्री नाही, अनेकदा दोन-तीन कॉलेजांत धावपळ. आपल्याकडच्या तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांना हे वेगळं सांगायला नको. असाइनमेंट नव्याने बांधायला लागणाऱ्या वेळेचे पैसे कॉलेजाने दिले नाहीत, तर ग्लोबल लर्निंग माहितीपत्रकातच राहतं.

त्यात राजकारणाचं वारं. फ्लोरिडाचं मायामी डेड कॉलेज हे १९६० पासूनचं, प्रामुख्याने लॅटिनो विद्यार्थ्यांचं कॉलेज. तिथला फ्रीडम टॉवर आज कॉलेजाच्या मालकीचा आहे. १९६२ ते १९७४ या काळात क्यूबाहून आलेल्या निर्वासितांची नोंद त्याच इमारतीत व्हायची. त्याच राज्याने २०२३ मध्ये कायदा करून सरकारी कॉलेजांतल्या विविधताविषयक उपक्रमांचा पैसा रोखला, आणि जानेवारी २०२४ मध्ये समाजशास्त्राचा प्राथमिक विषय सामान्य शिक्षणाच्या मुख्य यादीतून काढला. २०२५ च्या मार्चमध्ये केंद्रीय शिक्षण खात्यात मोठी नोकरकपात झाली, तिच्यात परकीय भाषा आणि प्रदेश-अभ्यासाची अनुदानं सांभाळणारं कार्यालयही सापडलं. असं झालं की नाव लावलेले उपक्रम आधी बंद पडतात. नर्सिंगच्या तासाला आजींच्या उपासाबद्दल विचारणारी असाइनमेंट मात्र सहसा कुणाच्या नजरेत येत नाही, कारण ती नर्सिंगच असते.

तुमच्यापैकी कुणी, किंवा तुमचं मूल, असं कॉलेज निवडत असेल तर वेबसाइटवरचा जगाचा नकाशा आणि झेंड्यांचे फोटो सोडून द्या आणि घ्यायच्या कोर्सचा सिलॅबस मिळवा. असाइनमेंटच्या यादीत बघा, दुसऱ्या कुठल्या समाजाची माहिती नुसती वाचायची आहे की तिच्यावर काही काम करायचं आहे, आणि त्याला किती टक्के गुण आहेत. टेक्साससारख्या राज्यात तर मागावाही लागत नाही. २००९ च्या कायद्याप्रमाणे सरकारी कॉलेजांना पदवी अभ्यासक्रमांचे सिलॅबस इंटरनेटवर सगळ्यांना खुले ठेवावे लागतात.